विहिरीत पाणी कुणी आणलं?

"आलं! पाणी आलं!" असा गलका करत अख्खी वस्ती विहिरीच्या काठावर लोटली होती. कोरडीठाक पडलेल्या विहिरीत खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. मधोमध जलबाबा हात उंचावून उभे होते. तोरा असा, की सगळं पाणी यांनीच घरून आणून ओतलंय!

"मी दोन दिवसांचं मौन सांगितलं," बाबा म्हणाले. "ना माणसाचा शब्द, ना यंत्राचा आवाज. जलतत्त्व लाजाळू असतं, बाळांनो! खाली पाताळगंगा कोंडलीय. खडीची खाण वस्तीकडे वाढू द्या, खोल जाऊ द्या, मग बघा धो धो पाणी!"

"दोन वर्षं लाजलं आणि तुम्हाला बघून निर्लज्ज झालं का?" मी म्हणाले. लोकांनी मला गप्प केलं. बाबांच्या मागे खाणमालक हात जोडून उभा होता. खाण वाढवायला होकार द्यायला संध्याकाळी इथंच सगळ्यांनी हात वर करायचे होते.

माझ्या दादा-वहिनीचा दवाखान्याच्या चादरी धुण्याचा धंदा. हौद कोरडे पडले, चादरी दुसरीकडे जायला लागल्या. दादा घर सोडायची भाषा बोलत होता.

"वन्सं, मी तर दोन्ही हात वर करणार," वहिनी म्हणाली.

"अक्कल गहाण टाकलीस का गं?"

"हो, टाकली! तुमच्या विज्ञानानं तांब्याभर तरी पाणी दिलं का? मला चादरी भिजवायच्यात. बाबा देवो नाहीतर भूत देवो!"

तिचे हात सोड्यानं सोललेले होते आणि ती तेच हात माझ्यापुढे जोडत होती. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

मौनात दोन दिवस बंद असलेल्या शाळेत शिकवायला तशीच निघाले. वाटेत खाणीमागचा ओढा लागतो, तो मी रोज चपला हातात घेऊन ओलांडते. त्या दिवशीही चपला काढायला वाकले, आणि बघते तर काय, ओढ्यात पाणीच नाही! खाणीत पाणी भरू नये म्हणून कडेच्या बोअरमधून पंप रात्रंदिवस पाणी उपसतात आणि या ओढ्यात सोडतात. मौनात यंत्रं बंद, म्हणजे पंपही बंद. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शाळेला पाठ फिरवून मी विहिरीकडे पळत सुटले.

"बाबा, तुमची शक्ती खरी ना?" मी सगळ्यांसमोर विचारलं. "मग पंप सुरू करू. तुम्ही मंत्र म्हणत राहा. पाणी टिकलं तर पहिला हात माझा."

"शंका घेतली की जलतत्त्व रुसतं!" बाबा म्हणाले.

"मग त्याची समजूत काढा! पाताळगंगा आणणाऱ्याला हे जड आहे का?"

लोक हसले. खाणमालक "नको, नको" म्हणत पुढे आला आणि तिथंच फसला. "का नको?" असं चार जणांनी विचारलं. पंपवाला आमच्याच वस्तीतला. त्याच्या आईच्याही घागरी रिकाम्याच. तो उठून पंपाकडे गेला.

पंप घुमू लागले. बाबा घसा फोडून मंत्र म्हणत होते. उन्हं कलेपर्यंत बुडालेली पायरी ओलीच उघडी पडली, मग तिच्या खालची. वहिनी उतरून पाण्याशी गुडघे टेकून बसली होती. पाणी तिच्या बोटांखालून सरकत होतं.

"बंद करा!" ती एकदम किंचाळली. "अरे, बंद करा ते!"

बाबांना वाटलं, मंत्रच बंद करायला सांगतेय. ते गप्प बसले. पण वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तिचं तोंड पंपाच्या आवाजाकडे होतं. क्षणात अख्खी वस्ती त्याच दिशेला ओरडू लागली.

त्या संध्याकाळी एकही हात वर झाला नाही. पण खाण अजून आहे, पंप अजून घुमतात, आणि दादानं बांधाबांध सुरू केलीय. म्हणून सांगते. विहिरीला आणि खाणीला पाणी पुरवणारा जमिनीखालचा गोट्यांचा थर म्हणजे एकच घागर. त्यात खाणीनं नळी घातली की तुमची विहीर आटणारच. खाण आखण्याआधी विचारा: पाणी किती खोल आहे? किती उपसणार? कुठं सोडणार? विहिरी आटल्या तर जबाबदार कोण? उत्तर मिळेपर्यंत हात खाली ठेवा. पाणी मंत्रानं येत नाही आणि मंत्रानं जातही नाही. ते कुणीतरी नेत असतं.