घेतलेली गोळी

सातशे वीस डॉलर मिळायचे होते. ज्ञानदेवांनी हिशोब दोनदा केला, एकदा कॅल्क्युलेटरवर आणि एकदा बोटांवर, कारण पोलाद कारखान्यात अठ्ठावीस वर्षं इंजिनिअरकी करूनही त्यांचा भरवसा बोटांवरच जास्त होता. बायकोच्या, पद्माच्या, ॲसिडिटीची पिवळी गोळी महिन्याला पंच्याहत्तर डॉलरची. त्यातले साठ विमा कंपनी भरायची, पंधरा ते. असे अठ्ठेचाळीस महिने. बरोबर तेवढ्यातच गाडीला बर्फासाठीचे चार विंटर टायर येत होते, आणि कॅनडातल्या हॅमिल्टनला नोव्हेंबर लागला होता.

झालं होतं असं, की विमा कंपनीने औषध कंपनीवर केस ठोकली होती. जुन्या स्वस्त गोळीहून ही महागडी गोळी जास्त काही करत नाही, हे ठाऊक असून तुम्ही डॉक्टरांना भलतंच सांगितलंत, आता आमचे पैसे परत द्या. औषध कंपनीने तडजोड केली. विम्याचे साठ विम्याला, आणि खिशातून पंधरा भरणाऱ्यांनी पावत्या पाठवून आपापले मागावेत. पावत्या ज्ञानदेवांकडे बिस्किटांच्या डब्यात होत्या, तारखेनुसार. हॅमिल्टनमधल्या आपल्या लोकांच्या असोसिएशनचे ते सेक्रेटरी. दोन डझन समोसे आणले तरी पावती फाइल करणार.

फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती. ती त्यांनी पद्माला मराठी करून वाचून दाखवली: सर्व गोळ्या रुग्णाने स्वतः खाल्ल्या आहेत.

मेथी निवडणारा पद्माचा हात थांबला. "सगळ्या?"

"सगळ्या म्हणजे? रोज सकाळी विचारायचो, गोळी घेतली का. तू म्हणायचीस, घेतली."

"घेतलीच ना. दुकानातून मीच घ्यायची, दर महिन्याला."

"आणि पोटात?"

"पोटात पहिले दोन महिने. गुण आला नाही. मग रात्रीचा चहा सोडला, तर थांबलं सगळं."

"बाकीच्या गोळ्या?"

"प्रतापला पाठवल्या."

प्रताप म्हणजे पद्माचा नागपूरचा भाऊ. दर दसऱ्याला असोसिएशनमधलं कोणीतरी दीक्षाभूमीला जायचं, आणि सेक्रेटरीच्या बायकोचं पार्सल नाकारणार कोण? पार्सलला टेप ज्ञानदेव स्वतः लावायचे. वर सुवाच्य अक्षरात 'चॉकलेट' लिहायचेही तेच.

"चार वर्षं खोटं बोललीस."

"मी काऊन खोटं बोलू? तुम्ही कधी विचारलं, गिळली का म्हणून?"

सोफ्यावरून कोमल, त्यांची लेक, फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "बाबा, जस्ट साइन इट. नोबडी चेक्स."

"चेक करत नाहीत म्हणूनच सही मागतात, बेटा."

ज्ञानदेवांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. डोळ्यांसमोरून चार टायर एकामागोमाग घरंगळत गेले. मग त्यांनी डब्यातल्या पहिल्या दोन पावत्या काढल्या, तीस डॉलर मागितले आणि सही केली. उरलेल्या गोळ्यांचं काय झालं, हे फॉर्मने विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नाही. चार वर्षं पद्मानेही नेमकं हेच केलं, हे ध्यानात आल्यावर त्यांना हसू आलं. ते त्यांनी मेथीकडे बघून लपवलं.

रविवारी प्रतापचा फोन आला. "जय भीम, भाऊजी. पोट एकदम मस्त. इथला डॉक्टर म्हणते, जुनी गोळी चार रुपयांत भेटते. पण कॅनडाची ते कॅनडाची."

"चार रुपयांचीच घे," ज्ञानदेव म्हणाले. "चॉकलेट बंद झालंय."

मार्चमध्ये तीस डॉलरचा चेक आला. टायर डिसेंबरातच बसले होते. त्यांत तीनशे पद्माचे होते, ग्रोसरीतून वाचवलेले, त्यांच्या पेनाशेजारी ठेवलेले. राहता राहिलं प्रतापचं पोट. त्याचे दरमहा साठ विम्याने भरले, ते औषध कंपनीने विम्याला परत केले. पंधरा ज्ञानदेवांनी भरले. सेहेचाळीस महिन्यांचे सहाशे नव्वद. ते कोणी परत केले नाहीत.