शंभरापुढच्या नोंदी

नोंदी पोचल्या की हर्षलाच्या फोनवर एक हिरवी खूण बरोबर दोन सेकंद दिसते आणि विरते. तेवढा वेळ पुरेसा आहे असं मी ठरवलं होतं. खूण विरली की फोनमधल्या नोंदी पुसल्या जातात; तेही मीच ठरवलं होतं.

खोपोलीत शिळफाट्याजवळ आमचं छोटं ऑफिस आहे. विहिरींचं पाणी तपासायचं आणि नोंदी मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हरला पाठवायच्या, हे आमचं काम. पाठवणारा प्रोग्रॅम माझा. हर्षला कळंबच्या पुढच्या वाड्या फिरते. तिकडे रेंज नसते, म्हणून ती गुरुवारपर्यंत चौतीस विहिरी करते आणि शुक्रवारी कर्जतला उतरली की सगळ्या नोंदी एकदम पाठवते. विहिरीला चार, म्हणजे एकशे छत्तीस.

सहा आठवडे तिच्या शेवटच्या नऊ विहिरी येत नव्हत्या. नऊही वरच्या वाड्यांतल्या.

"चढ आला की बाई माघारी फिरतात," ऑफिस चालवणारे किशोर सर म्हणाले.

हर्षलाने पाणी तपासलेल्या कागदी पट्ट्या पिशवीत भरून आणल्या. सरांनी पिशवी उघडलीही नाही. "पट्ट्या काय, घरच्या नळाखालीही भिजवता येतात."

ती माझ्या टेबलापाशी थांबली. "ताई, तुमी शिकलेल्या. जरा मशीनमध्ये बघा ना. हिरवी खूण मी माज्या डोळ्यांनी बघितली हाय."

मी बघितलं. सर्व्हर एका गठ्ठ्यात शंभरच नोंदी घेतो. गठ्ठ्याला वर एक उत्तर येतं: मिळाला. आत प्रत्येक नोंदीचं वेगळं उत्तर असतं. पहिल्या शंभर 'स्वीकारली', पुढच्या छत्तीस 'नाकारली'. माझा प्रोग्रॅम फक्त वरचं उत्तर वाचून खूण दाखवत होता. शंभरची मर्यादा त्या कंपनीच्या माहितीपत्रकात होती. मी ती वाचलीही होती. एवढ्या नोंदी एकदम कोण पाठवणार, असं म्हणून मी चाचणी दहा नोंदींवर उरकली. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी कधी एकाच मोजमापावर निष्कर्ष लिहिला नव्हता.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. गठ्ठा शंभरावर तोडला, आतली उत्तरं वाचायला लावली. सरांना सोमवारी सांगायचं ठरवलं. सोमवारी सर घाईत होते. मंगळवारी घाईत नव्हते, तरी मी गेले नाही.

त्या शुक्रवारी हर्षलाच्या चौतीसच्या चौतीस विहिरी आल्या.

"बघितलंस स्नेहल?" सर हसले. "दम भरला तसे पाय चालायला लागले."

मी मान हलवली. नुसती हलवली नाही, होकारार्थी हलवली. माझी गुपचूप केलेली दुरुस्ती हर्षलाच्या विरुद्धचा पुरावा झाली होती, आणि त्यावर मी सही केल्यासारखंच होतं ते.

नंतर ती आली की मी स्क्रीनकडे बघत बसायचे. एकदा तिने टेबलावर करटोल्यांची पुडी ठेवली. "तुमी बघितलंत ना, तवापासून सगळं बरोबर जातंय. तुमचा हात लागला." मी ती भाजी घरी नेली. खाल्ली नाही, टाकलीही नाही. तिसऱ्या दिवशी ती पिवळी पडली.

दुरुस्तीनंतर तीन आठवड्यांनी सरांनी तिला कबुलीपत्र लिहून आणून दिलं: सहा आठवडे वरच्या वाड्यांत न जाता हजेरी लावली. सही केली तर काम राहील, नाहीतर महिनाअखेर शेवट. मला साक्षीदार म्हणून आत बोलावलं.

हर्षलाने कागद दोनदा वाचला. "सही करते, सर. पण वर गेले नाय, असं नका लिहू. वरच्या धोंडूबाईनं दर बेस्तरवारी चा पाजलाय मला. तिच्या दारात कुठलं तोंड घेऊन जाऊ?"

"मग तिलाच आण साक्षीला," सर म्हणाले. "सही कर लवकर."

हर्षलाने इकडेतिकडे बघितलं आणि माझ्यापुढे हात केला. "ताई, जरा पेन द्या."

पेन माझ्या हातात होतं. तिच्या तळव्यावर पट्ट्यांचा जांभळट डाग होता, न गेलेला. मी पेनाला टोपण लावलं.

"अगं, दे ना," सर म्हणाले.

"नाही, सर," मी म्हणाले. "हर्षला वर गेली होती. सहाही आठवडे. नोंदी माझ्या प्रोग्रॅमने हरवल्या, आणि मला ते तीन आठवड्यांपासून माहीत आहे."