न टोचलेल्या सुया

तिसरी सुई भुवईच्या वर टेकली आणि मास्तरांनी एक डोळा उघडला.

सुई आत गेली नव्हती. चाळीस वर्षं सुईवर पोट भरलेल्या शिंप्याला एवढं कळायला आरसा लागत नाही. खरी सुई शिरताना कातडं आधी किंचित अडवतं, मग वाट देतं. कापडही तसंच करतं. ही मात्र टेकल्याबरोबर आपल्याच पोकळ मुठीत मागे सरकली, नाटकातल्या खंजिरासारखी, आणि बुडाशी लावलेल्या चिकटपट्टीच्या आधाराने उभी राहिली.

"दुखलं का?" सुईवाल्या बाईंनी विचारलं.

'बाई, तुम्ही टोचलीच कुठे?' हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाई प्रश्न विचारून भलतीकडेच बघत होत्या आणि त्यांचे कान लाल झाले होते. खोटेपणा अंगवळणी न पडलेल्या माणसाचे कान असेच होतात.

"थोडंसं," मास्तर म्हणाले.

अर्धशिशीने मास्तरांना सहा वर्षं धरलं होतं. डोक्याचा उजवा भाग एकदा ठणकायला लागला, की उजेड नको, मशीनचा आवाज नको, माणूस नको. अशाच एका दिवशी त्यांनी एका वकिलांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. वकील तो घालून कोर्टात उभे राहिले आणि हात वर करेपर्यंत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. त्यानंतर, दुकानात काजं-बटणं करणाऱ्या त्यांच्या बायकोने पेपरातली जाहिरात कापून ठेवली. सुया टोचल्याने अर्धशिशी जाते का आणि मेंदूत नेमकं काय होतं, हे एका हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना तपासायचं होतं. बारा वेळा जायचं. निम्म्या लोकांना खऱ्या सुया, निम्म्यांना खोट्या. कुणाला कुठल्या, ते शेवटी कळणार. आधी आणि नंतर मेंदूचे फोटो.

"खोट्या आहेत," त्या दिवशी दुकानात आल्या आल्या मास्तर म्हणाले.

बायकोने दाताने दोरा तोडला. "आणि डोकं?"

मास्तरांनी खिसा चाचपावा तसं डोकं चाचपलं. "नाही दुखत."

"मग?"

"मग काय मग? शिंप्याला सुईवरून फसवायचं म्हणजे..."

"सुंठीवाचून खोकला गेला, तर सुंठ कुठे गेली म्हणून भांडायला जायचं का? गुरुवारी गुपचूप जा."

मास्तर गेले. दर सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी अकराला. बाई आधी स्टुलावर बसून विचारत: झोप कशी लागली, दुखणं कुठून सुरू होतं, त्याआधी डोळ्यांपुढे काय दिसतं. सगळं लिहून घेत. मास्तरांचा जन्म लोकांची मापं घेण्यात गेला होता; त्यांचं माप कुणी घेतलं नव्हतं. मग सुया लागत, पडदा ओढला जाई आणि अर्धा तास त्यांना कुणी "मास्तर, झालं का?" असं विचारत नसे.

योग्य जागी "स्स्" करायला ते शिकले. एकदा चौथ्या सुईला विसरले, तर बाईंचा चेहरा इतका पडला की त्यांनी पाचवीला दोनदा केलं.

दुखणं आठवड्यातून दोनदा यायचं, ते एकदा आलं, मग आलंच नाही.

शेवटच्या दिवशी मास्तरांना त्या ठणठणत्या यंत्रात घालून पुन्हा फोटो काढले आणि मोठ्या डॉक्टरांपुढे बसवलं. टेबलावर बंद पाकीट होतं. बाई दाराशी उभ्या होत्या.

"हे उघडण्याआधी एक सांगा," डॉक्टर म्हणाले. "सुया खऱ्या होत्या की खोट्या? खरं काय ते बोला. पेशंटला आधीच कळलं असेल, तर त्याचे कागद आम्हाला बाद करावे लागतात. टोचणाऱ्याचा हात कच्चा, असा त्याचा अर्थ होतो."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. कान लाल होते.

"खऱ्या," ते म्हणाले. "चांगल्या टोचत होत्या."

डॉक्टरांनी पाकीट उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि खुर्ची सरकवून उभेच राहिले. पडद्यावर मेंदूचे दोन फोटो शेजारी-शेजारी लागले. पहिल्यात जो भाग पेटल्यासारखा दिसत होता, तो दुसऱ्यात शांत होता.

"पाहा. सुई नाही, काही नाही. नुसता विश्वास. तुमचा गाढ विश्वास होता ना?"

"गाढ," मास्तर म्हणाले. डॉक्टर सुतावरून स्वर्गाला निघाले होते. मध्येच दोरा तोडणं मास्तरांना बरं वाटलं नाही.

खूश होऊन डॉक्टरांनी त्यांना खऱ्या सुया लिहून दिल्या. सोमवारी मास्तर खालच्या मजल्यावर गेले. सहा खाटा, सहा माणसं. एका गृहस्थांनी दोन मिनिटांत बारा सुया टोचल्या. हात उत्तम होता, हे मास्तरांनी मनातल्या मनात कबूल केलं. विचारलं मात्र कुणी काही नाही. गृहस्थ फोनवर बोलत पुढच्या खाटेकडे गेले.

बुधवारी खडूने कोटाची पाठ आखताना मास्तरांच्या उजव्या डोळ्यापुढे नागमोडी रेघ चमकली. त्यांनी खडू खाली ठेवला आणि हॉस्पिटलला फोन लावला.

"बाई, मी शिंपी बोलतोय. त्या खोट्या सुयांचं काही जमेल का?"

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"तुम्हाला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि ते स्स्?"

"तुमचा हात चांगला आहे, बाई."

"मास्तर, त्या सुया मोजून कुलपात ठेवतात. आणि त्यांच्यात काही नाही हो."

"ते मला माहीत आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बायकोने हातातलं काज अर्धवट सोडलं. कटिंगच्या टेबलावरचं कापड उचललं, सुटाच्या कापडाची गुंडाळी उशाला ठेवली, ट्रायलच्या खोलीचा पडदा काढून टेबलासमोर बांधला आणि स्वतः मास्तरांच्या स्टुलावर जाऊन बसली.

"गिऱ्हाईक आलं तर?"

"मी आहे ना. पडा तुम्ही."

मास्तर आडवे झाले. टेबल कडक होतं, पण लांबीला पुरलं. थोड्या वेळाने बाहेर चपला वाजल्या आणि कुणा बाईंचा चढा आवाज आला.

"मास्तर कुठे आहेत? आज देतो म्हणाले होते."

"हळू बोला," बायको म्हणाली. "आत सुया टोचून पडलेत."

"अगं बाई. किती?"

"बारा."

"दुखत असेल."

"सवय आहे त्यांना. उद्या या."

चपला अगदी हळू, पाऊल न वाजवता लांब गेल्या. पडद्याआड मास्तरांच्या कानामागे खाज सुटली होती. त्यांनी हात अर्धा उचलला, थांबले आणि तो तसाच सावकाश खाली ठेवला. एखादी सुई हलली असती.