नावाडी मान वर करत नाही

टेंभुर्णीच्या विठ्ठल मंदिरात हरिपाठ सुरू व्हायला आणि सातासमुद्रापलीकडच्या त्या कंपनीनं तोंड उघडायला एकच वेळ आली, संध्याकाळचे साडेसहा. साडेचार वर्षं जिच्या पक्क्या शब्दाची वाट पाहिली, तिला नेमकी हीच वेळ सापडावी म्हणून साधनाबाई जरा रुसल्याच. मग विठ्ठलाकडं पाहून त्यांनी मनातच सांगितलं, आजच्या दिवस समजून घे. टाळ कानावर पडावेत आणि मोबाइलही ऐकू यावा अशा बेतानं त्या बाहेरच्या ओट्यावर टेकल्या. मांडीवर पिंजलेल्या कापसाचं ताट होतं. हातांना वाती वळायची सवयच झाली होती.

"हरिपाठ सोडून मोबाइल?" शेजारच्या सोनूबाई टाळ घेऊन आत जाता जाता थांबल्या. "कुणाचं लगीन लागून राह्यलं का त्यात, साधने?"

"न्हाई मावशी. तारीख सांगणार हायेत. नावाड्याच्या दुसऱ्या भागाची."

"आजून आला न्हाई व्हय तो? माझ्या नातीचं लगीन होऊन लेकरू रांगाया लागलं तेवढ्यात."

नावाडी हा कॉम्प्युटरवरचा खेळ. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि हातभर लांब, म्हणून साधनाबाईंनी हे आपलं घरचं नाव ठेवलेलं. पाच वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून मिथुनच्या मांडीचं हाड मोडलं आणि एकुलता एक लेक चार महिने खाटेवर पडला. त्याचा पाय बरा व्हावा म्हणून त्यांनी देवाला लाख वाती बोलल्या आणि रोज दुपारी खाटेशी बसून वळायला घेतल्या. मिथुन पोटावर लॅपटॉप ठेवून खेळायचा. पहिले चार दिवस त्या बोलल्या, लेका डोळे जातील. पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं, "ही पोरगी एकटी कुठं चालली रे?"

ती निघाली होती आईला शोधायला. त्या राज्यात एक नदी होती. काठावरच्या गावांतले दिवे ती नदी एकेक करून गिळायची, आणि दिवा गेला की घरातलं माणूसही जायचं. दर घाटावर कुणी ना कुणी पोरीला अडवायचं, काहीतरी विचारायचं. उत्तर खेळणाऱ्यानं द्यायचं.

"माय, खरं सांगू का खोटं?" मिथुन विचारायचा.

"खरंच सांग. तिच्या आईनं तेच शिकवलं आसंल."

खऱ्यापायी पोरीची तलवार गेली आणि बदल्यात एक घोंगडी मिळाली. पुढच्या डोंगरात पोरगी थंडीनं गारठली तेव्हा तीच घोंगडी कामाला आली. त्या दिवशी साधनाबाई स्वयंपाक करताना गुणगुणत होत्या. शेवटी पोरगी नावेत बसली. मान खाली घातलेल्या नावाड्यानं नाव लोटली, पैलतीरावर एक दिवा दिसला आणि पडदा काळा झाला.

"पुढं?"

"पुढचं दुसऱ्या भागात."

कथा अशी पाण्यात सोडून, फेटा बांधून आपल्या गावची गाडी धरणारा कीर्तनकार साधनाबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचा चेहरा पाहून मिथुन म्हणाला, "दुसरा भाग आला की दहा दिवसांची सुट्टी काढून येतो. तू वाती वळ, मी नाव हाकतो."

पाय बरा झाला. लाख वाती झाल्या, वाहून झाल्या. मिथुन चाकणच्या कारखान्यात लागला. आता तो सणाला यायचा तो दीड दिवसाचा, चप्पल दाराकडं तोंड करूनच काढायचा. उरले होते ते त्यानं कबूल केलेले दहा दिवस. म्हणून साधनाबाई खेळाच्या कंपनीचं पान उघडायला शिकल्या, मोबाइलकडून मराठी करून घ्यायला शिकल्या. दोनदा तारीख पुढं गेली, दोन्ही वेळेला त्यांना जेवण गेलं नाही. दर बातमीखाली त्या एकच ओळ लिहीत: जय हरी. दुसरा भाग कधी येणार? एकदा ब्राझीलच्या कुणीतरी हात जोडलेलं चित्र पाठवलं. तेव्हापासून बातमी यायची असली की पाच-सहा परके लोक आपापल्या लिपीत जय हरी लिहून आधीच वाट बघत बसायचे.

आजही ते होते. साडेसहाला नदी दिसली, नाव दिसली, नावाड्याची पाठ दिसली. मग तारीख आली. वीस नोव्हेंबर. साधनाबाईंनी ती तीनदा वाचली आणि मिथुनला फोन लावला.

"ऐकलं का? वीस नोव्हेंबर."

"हां माय, ऐकलं."

"मंग अर्ज आजच टाक. कापूस वेचायला मी बाया सांगून ठेवते. दहा दिवस मला बिलकुल काम नको."

"बघतो ना." आवाज मोकळा नव्हता. मग उगाच हसून तो म्हणाला, "आधीच उशीर केला त्यांनी. नावाडी आंधळा हाय बिचारा, त्याला टाइम लागणारच."

साधनाबाईंचे हात थांबले. चाळीस वर्षं कीर्तन ऐकलेला कान होता तो. बुवांनी एका कथेत दुसरा पदर जोडला तरी त्यांना बरोबर कळायचं.

"नावाडी मान वर करत न्हाई," त्या सावकाश म्हणाल्या. "पहिल्या भागात एकदाबी न्हाई केली. आज तर पाठच दाखवली. तू त्याचे डोळे कुठं पाहिले?"

आत कुणीतरी टाळ टोपलीत ठेवले.

"जुन्या खेळणाऱ्यांतले काही निवडले होते त्यांनी," मिथुन म्हणाला. "आधी खेळून चुका सांगायला. कुणाला बोलायचं न्हाई म्हणून सही घेतली. तीन रविवारांत संपवला मी. सहीचं जाऊ दे माय, तुला सांगायला मला तोंडच न्हाई झालं. शेवट कळून बसला, आता दहा दिवस येऊन काय करू?"

नाव त्यांना काठावर सोडूनच गेली होती. साधनाबाईंनी पदरानं डोळे टिपले, आवाजात मात्र काही येऊ दिलं नाही.

"घाटावर अडवल्यावर काय सांगितलंस? खरं का खोटं?"

"दोनदा खोटं. जल्दी होती."

"मंग ती आपली पोरगी न्हाईच. आपली आजून नावेतच बसलीय." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आन् शेवटाचं काय घेऊन बसलास? वनवासाची कथा मी किती वेळा ऐकली आसंल. शेवट ठाऊक न्हाई असं कोण असतं मंडपात? तरी दरसाल जागा धरायला जातोच ना. तुला पुढचं ठाऊक हाय ते बरंच झालं. आता तू बुवा, मी समोर बसणारी. ये."

"माय," मिथुनचा आवाज ओला झाला होता, "खरं सांगू का खोटं?"

"खरं."

"दहा न्हाई भेटणार. चार भेटतील, तेबी रविवार धरून."

"ये," साधनाबाई म्हणाल्या. "पण पहिल्या दिवशी काय बोलू नको. तिला नावेतून मी उतरवणार."

फोन ठेवला तोवर आरती होऊन बाया बाहेर पडत होत्या. सोनूबाईंनी अंगाऱ्याचं बोट पुढं केलं. "लागली का मंग नाव काठाला?"

"कुठं मावशी. आजून अडीच महिने हायेत."

साधनाबाईंनी अंगारा लावला, बाजूला सरकून सोनूबाईंना जागा दिली आणि ताटातला कापूस पुन्हा चिमटीत घेतला.