पडद्यामागून दिसलेला हात

देवणीच्या बाजारतळावर वीरण्णाचा सिनेमाचा तंबू दरवर्षी दिवाळीनंतर लागायचा आणि मिरगाच्या आधी गुंडाळला जायचा. लातूरचा नवा जिल्हा झाला त्या वर्षी मात्र पावसानं तोंडच दाखवलं नाही. श्रावण उलटला, विहिरींनी तळ गाठला, टँकर सुरू झाले, आणि तंबू आपला उभाच. दुष्काळानं गावाला एवढी एकच चांगली गोष्ट दिली, असं कमलम्मा म्हणायची.

तंबूत पडदा मधोमध असायचा. पुढं पुरुष, पडद्यामागं बायका. त्यामुळे बायकांना सगळा सिनेमा उलटा दिसायचा. अक्षरं उलटी आणि माणसं डाव्या हातानं जेवणारी. कमलम्मा किराणा दुकानदार शिवमूर्तीची बायको. नऊ वर्षं ती असा उलटा सिनेमा बघत आली होती. एकदा तरी पुढं बसून सुलटा बघावा, एवढीच तिची हौस. पण बोलायची सोय नव्हती.

त्या आठवड्यात खुनाचा सिनेमा आला. घाटातला बंगला, म्हाताऱ्या मालकाचा खून झालेला, त्याची नात एकटी राहिलेली, आणि फौजदार सांगतो की खुनी डावरा आहे. काय बनवला होता सिनेमा! उगाच किंकाळ्या नाहीत, भुतंखेतं नाहीत. नुसतं दार करकरायचं आणि तंबाखू चोळणारे हात जागच्या जागी थांबायचे.

मध्यंतरात पुरुषांनी निकाल देऊन टाकला, खुनी तो एकडोळ्या माळी.

"त्याच्या थोबाडावरच लिवलंय की," शिवमूर्ती चहाच्या गाड्यापाशी म्हणाला.

"माळी न्हाई, डाक्टर," कमलम्मा म्हणाली.

हशा पिकला. नातीला औषध देणारा, गोड बोलणारा डॉक्टर खून करील?

"मागं बसून काय दिसतंय गं तुमाला?" शिवमूर्तीनं चारचौघांत विचारलं. हे तिला झोंबलं.

"डाक्टर निघाला तर उद्या आमी पुढं, तुमी मागं. हाय कबूल?"

"हाव, कबूल!" शिवमूर्ती ऐटीत म्हणाला. वीरण्णा तिथंच उभा होता. तो नुसता मिशीत हसला.

खुनी डॉक्टरच निघाला.

"कसं काय वळखलं?" बाहेर येताच शिवमूर्तीनं विचारलं.

"आमच्याकडून समदेच डाव्या हातानं करत हुते. डाक्टरनं तेवढी चहातली साखर उजव्यानं ढवळली. म्हंजे तुमच्याकडून डाव्यानं. अन् तुमी माळ्याचं थोबाड बघत बसलात."

वीरण्णानं कानाला हात लावला. "इतकी वर्सं शिनुमे दाखवतोय, पन असं कुनी धरलं न्हाई. बनवणाऱ्यानं चोर डोळ्यांसमोर ठेवलाय अन् आपल्याला दुसरीकडं बघाया लावलंय."

दुसऱ्या दिवशी पुरुष कुरकुरत पडद्यामागं गेले. कमलम्मा पुढं, अगदी पहिल्या रांगेत बसली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं पडद्यावरची नावं सरळ वाचली, आणि तिचे डोळे भरून आले.

आता खुनी ठाऊकच आहे, तर मजेत बघू, असं तिनं ठरवलं होतं. पण नात डॉक्टरसाठी चहा घेऊन आली आणि कमलम्मा बसल्या जागी पुढं सरकली. काल तिला नुसती शंका होती. आज सगळं माहीत होतं, आणि त्या पोरीला काहीच माहीत नव्हतं. भीती कालच्या दुप्पट होती. डॉक्टरनं साखर ढवळली, आणि मध्यंतरानंतर, शेवटी शेवटी, त्यानं दाराला कडी घातली.

"पळ गं पोरी!" कमलम्मा ओरडली.

त्याच क्षणी पडद्यापलीकडून शिवमूर्तीची आरोळी आली, "अगं पळ, त्यो डावरा हाय!"

दोन्हीकडचा तंबू हसला, आणि लगेच चिडीचूप झाला, कारण डॉक्टर उठला होता.

घरी जाताना शिवमूर्ती मऊ आवाजात म्हणाला, "मागून मान लई दुखती गं. उद्या आमी पुढं बसू का?"

"नवा शिनुमा येऊ द्या," कमलम्मा म्हणाली. "खुनी आमच्या आधी वळखा, मग पुढं बसा."