गर्दी पुसण्याची सोय

छत्रीवाल्या माणसाचं डोकं गेलं, छत्री गेली, पण पाय काही जाईनात. एक्सरेकाकांनी चष्मा कपाळावर सारला, फोन नाकाजवळ आणला आणि तर्जनीने ते दोन पाय पुन्हा एकदा घासले. फोनने क्षणभर विचार केला. मग पाय गेले आणि त्यांच्या जागी कठड्याचे दगड आले. तिथे कधी कुणी उभंच नव्हतं म्हणा ना.

"झकास," काका स्वतःशीच म्हणाले.

टेकडीच्या माथ्यावर, दरीकडे तोंड करून टाकलेल्या बाकावर ते बसले होते. शेजारी काकू बसल्या होत्या. निदान काकांची तशी समजूत होती. सकाळपासून एकशे चाळीस फोटो काढून झाले होते आणि आता तांदळातले खडे निवडावेत तशी काका एकेका फोटोतली माणसं निवडून टाकत होते. मध्येच एका अनोळखी नंबरवरून फोन आला. काकांनी कापला. परत आला, परत कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा एका पिवळ्या टोपीवाल्या बाईचा अर्धा हात जायचा राहिला होता. "काय वैताग आहे," म्हणत त्यांनी तोही कापला आणि हात पुसून टाकला.

"हे बघ आता. सगळा डोंगर आपला!" असं म्हणून त्यांनी फोन डावीकडे धरला. तो कुणी घेईना. काकांनी मान वळवली. बाकावर पिशवी होती. काकू नव्हत्या.

गेली असेल बाथरूमला, असं काकांना वाटलं. येईलच. खोटं कशाला सांगा, त्या वेळात त्यांनी आणखी दोन फोटो साफ केले.

ही सवय आजकालची नव्हती. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं त्यांनी एक्सरे काढले. श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका, सोडा. बटण, पिन, साखळी, खिशातली किल्ली, सगळं आधी काढून ठेवायला लावायचे. फिल्मवर नको ते काही आलं की डॉक्टर ओरडायचे, आणि डॉक्टर ओरडायच्या आधी काका स्वतःवरच चिडायचे. सुट्टीत प्रवासाला गेले की गळ्यात कॅमेरा असायचा. चांगला वजनदार, कातडी पिशवीतला. एका रोळात छत्तीस फोटो, त्यामुळे डोंगर, देवळं, धबधबे आधी. माणसांवर कशाला रोळ घालवायचा? माणसं रोजच दिसतात, असा त्यांचा हिशेब.

या वेळी तो कॅमेरा कपाटातच राहिला. लेक म्हणाली होती, "बाबा, ते धूड कशाला गळ्यात बांधता? आता फोन पुरे झाला." काकांनी आधी नाक मुरडलं, मग फोनची चटक लागली, आणि मग तर त्यांनी ताळच सोडला. फोटो फोनात, नकाशा फोनात, तिकिटं फोनात, लॉजचं बुकिंग फोनात, पैसेसुद्धा फोनात. निघताना काकूंनी आपला छोटा फोन पिशवीत टाकला, तर काकांनी तो काढून टेबलाच्या खणात ठेवला. "माझ्यात सगळं आहे. दोघांना दोन कशाला? चार्जरचं लटांबर वाढतं."

पंधरा मिनिटं झाली तसे काका पिशवी खांद्याला अडकवून उठले. बाथरूमपाशी जाऊन आले. चहाच्या टपरीमागे पाहिलं. दुर्बिणीच्या रांगेत पाहिलं. मग त्यांनी हाक मारली, "अगं!"

सात-आठ बायकांनी वळून पाहिलं. काकांना कसंनुसं झालं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, घरात 'अगं' म्हटलं की एकच माणूस ओ द्यायचं. नावाने हाक मारायची वेळच कधी आली नव्हती. आता आली, तर घशातून नाव फुटेना. कसंबसं फुटलं, तेही इतक्या हळू की शेजारच्या माणसालाही ऐकू गेलं नसेल.

मग ते कठड्याशी गेले आणि वाकून खाली बघितलं. खाली नुसता उतार होता, झुडपं होती, आणि फार खाली नदीची बारीक रेघ. नको तो विचार, असं मनाला बजावत ते जवळजवळ पळतच तिकीटखिडकीपाशी पोहोचले.

खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती. गळ्यात मफलर, समोर गार झालेला चहा.

"मॅडम, आमची मिसेस दिसत नाहीये."

"फोन लावा ना त्यांना."

"फोन घरी आहे तिचा."

"घरी म्हणजे लॉजवर?"

"घरी म्हणजे घरी. गावाला."

तिकीटवालीने पेन खाली ठेवलं. "लॉजचं नाव माहितीये त्यांना?"

"माझ्या फोनात आहे."

"पैसे आहेत जवळ?"

काकांनी हातातला फोन वर करून दाखवला.

"बरं, तुमचा नंबर तरी पाठ आहे का त्यांना?"

"तो आहे. तिला सगळ्यांचे नंबर पाठ असतात. मलाच नसतात."

"मग कुणाच्या तरी फोनवरून लावतीलच की. आला नाही का?"

तेव्हा कुठे काकांना तो अनोळखी नंबर आठवला. त्यांनी फोन उघडला. एकाच नंबरचे तीन फोन, तिन्ही कापलेले. काकांनी तो नंबर लावला.

"अहो, कोण तुम्ही? फोन काय कापता सारखे?" पलीकडचा माणूस बोलला तोच तावातावाने. तो जीपचा ड्रायव्हर होता. "माझ्या फोनवरून एक बाई लावत होत्या तुम्हाला. जीप स्टँडच्या गेटवर. पायऱ्या उतरून चुकून बाहेर आल्या, आणि वॉचमन परत आत सोडेना. तिकीट दाखवा म्हणतो. त्या म्हणतायत, तिकीट ह्यांच्या फोनात आहे."

"मग? आता कुठाय ती?"

"पाऊण तास झाला त्याला. मी पॅसेंजर घेऊन खाली आलो. त्या विचारत होत्या, दुसरीकडून वर जाता येईल का. मी म्हटलं, रस्त्याने खाली उतरलं की मागून पायवाट आहे, पण घसरडी आहे, तुम्ही जाऊ नका."

"गेली?"

"ते मी काय सांगू काका? हे बघा, आमच्या गाड्यांचा ग्रुप आहे. पंचवीस-तीस जण असतील. तुम्ही एक फोटो पाठवा, लगेच टाकतो. आजचाच पाठवा, म्हणजे कपडे कळतील."

"पाठवतो," काका म्हणाले.

एकशे चाळीस फोटो काढलेल्या माणसाला एक फोटो पाठवायला किती वेळ लागावा? काकांनी पहिल्यापासून चाळायला सुरुवात केली. सूर्योदय. नुसता. बाग. नुसती. पूल, रिकामा. घाट, रिकामा. कठडा, दरी, कठडा. सगळं कसं धुऊन पुसून लख्ख. फोटो संपत आले तसा त्यांच्या कपाळावर घाम आला.

"सापडला का?" तिकीटवाली खिडकीतून बाहेर आली होती. "निदान अंगात काय घातलंय ते सांगा. माईकवर सांगायला होईल."

"स्वेटर."

"कुठल्या रंगाचा?"

सकाळी लॉजवर काकू आरशापुढे उभ्या राहून विचारत होत्या, हा बरा दिसतो का. "बरा आहे," असं काका म्हणाले होते. त्यांना म्हटलेलं आठवत होतं, स्वेटर आठवत नव्हता.

"निळा असेल," ते म्हणाले. "किंवा मग... नाही. नाही सांगता येत."

तिने त्यांच्या हातातून फोन घेतला. दोन-तीन फोटो मोठे करून बघितले. "इतक्या गर्दीत एकही माणूस नाही? शनिवार आहे आज."

"पुसलीत. आहे तशी सोय त्याच्यात."

"सगळी?"

"सगळी."

"काकूपण?"

त्यांना ठाऊक होतं. न बघता झालं असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण कडेला पिशवी धरून उभं असलेलं ते माणूस कोण आहे हे त्यांनी दर वेळी पाहिलं होतं, आणि फोटो कडेने बिघडतोय म्हणून दर वेळी बोट फिरवलं होतं. लाजेने त्यांचे कान तापले.

मुलगी त्यांना काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. "थांबा, जात नाहीत ती कुठे," एवढंच म्हणाली आणि तिने फोटोखाली कुठेतरी दाबलं. छत्रीवाला परत आला. पिवळी टोपी परत आली. आणि कठड्याच्या डाव्या टोकाला काकू परत आल्या.

अंगात तपकिरी स्वेटर होता. काकांचाच, जुना, कोपरावर विरलेला. बाह्या दुमडून घातलेला.

"ह्या?"

काकांनी मान हलवली. तिने फोटो कापून मोठा केला, ड्रायव्हरला पाठवला, आणि काकूंचं नाव विचारून, फोन काकांना देऊन माईककडे धावली. कर्ण्यातून काकूंचं नाव सगळ्या डोंगरावर घुमलं. पूर्ण नाव, काकांच्या नावासकट.

काका खिडकीच्या ओट्यावर बसले. मुलीने दाबलं होतं तिथे दाबत ते एकेक फोटो मागे आणू लागले. पुलावर काकू होत्या. बागेत होत्या. घाटात होत्या. एकाही फोटोत त्या कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या. काका जिकडे बघत होते तिकडे बघत होत्या. पाचव्या-सहाव्या फोटोवर काकांचं बोट थांबलं. चौतीस वर्षांची नजर ती, तिला कोण फसवणार? डाव्या पायावर सगळा भार होता. उजवा हात कशाला तरी टेकलेला, कठड्याला, झाडाला, खांबाला. दर फोटोत. उजवा खुबा. अशा उभ्या राहणाऱ्या शेकडो बायकांना त्यांनी टेबलावर आडवं केलं होतं आणि दाराबाहेरूनच ओळखलं होतं, की हिचं हाड झिजलंय. आणि घरातल्या घरात? काखेत कळसा अन् गावाला वळसा, ही म्हण असल्याच शहाण्यांसाठी केलेली असणार. त्यांना स्वतःचा इतका राग आला की फोन दरीत भिरकावून द्यावासा वाटला. पण ती आता त्या फोनातच तेवढी दिसत होती.

असल्या पायाने ती पायवाटेने निघाली असेल तर? ते उठले, पुन्हा बसले.

फोन वाजला. या वेळी त्यांनी पहिल्या घंटेलाच उचलला.

"सापडल्या काका! पायवाटेच्या खालच्या वळणावर, पाण्याच्या टाकीपाशी बसल्यात. आमच्यातल्याच एकाने ओळखलं. तुम्ही गेटवर या, मी येतोय न्यायला."

उतरताना ड्रायव्हर सगळा वेळ बोलत होता. काका हो-हो करत होते आणि समोरच्या काचेतून नुसते वळणं मोजत होते. सहाव्या वळणावर सिमेंटची मोठी टाकी होती. तिच्या सावलीत एका दगडावर काकू बसल्या होत्या. स्वेटरला माती लागली होती, एका हाताचा तळवा खरचटला होता. काका दिसल्यावर त्यांनी आधी त्यांच्या खांद्याकडे पाहिलं.

"पिशवी आणलीत ना? गोळी घ्यायची राहिलीये तुमची."

काकांना भडभडून आलं, आणि नवऱ्यांना भडभडून आलं की जे होतं तेच झालं. ते ओरडले. "सांगून जायचं नाही का? जीव जायची वेळ आली माझा!"

"सांगितलं की. पायऱ्यांवरून खाली जाऊन येते म्हटलं, तिकडे गर्दी कमी आहे. तुम्ही हो म्हणालात."

"मी?"

"दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणालात." काकूंच्या आवाजात तक्रार नव्हती. "मग परत सोडेनात. म्हटलं मागून चढावं. निम्म्यात पाय उचलेना. घसरले जराशी. मग बसले इथेच."

काका त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "उजवा खुबा ना?"

काकूंनी चमकून बघितलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दिसलं. कधीपासून दुखतोय?"

"झाली दोन वर्षं."

"अगं, दोन वर्षं? आणि मला बोलली नाहीस? मला?"

"तुम्ही दिवसभर लोकांची हाडंच बघून यायचात," काकू म्हणाल्या. "घरी आल्यावर परत तेच कशाला दाखवायचं?"

काकांनी त्यांचा खरचटलेला हात हातात घेतला. बाटलीतल्या पाण्याने धुतला, रुमाल बांधला. गाठ नीट बसेना, तीनदा बांधली. काकूंना हे सगळं अवघडल्यासारखं होत होतं. त्या ड्रायव्हरकडे बघून ओशाळं हसत होत्या.

"काका, एक फोटो काढा ना काकूंचा," ड्रायव्हर म्हणाला. "ग्रुपवर टाकतो. सगळे विचारतायत, सापडल्या का म्हणून."

"काढतो. काढतो की." काका घाईघाईने उठले. मागे सरकले, फोन दोन्ही हातांत घट्ट धरला. पडद्यावर फक्त काकू होत्या, बरोबर मधोमध, आणि मागे टाकीची करडी भिंत.

काकांनी फोन उचललेला काकूंनी पाहिला मात्र, त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पिशवी उचलली. लंगडत लंगडत, पण लगबगीने, त्या बाजूला झाल्या आणि काकांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर नुसती भिंत उरली. त्या भिंतीत बघण्यासारखं काय आहे ते शोधत काकूही तिकडे बघू लागल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "काढा आता."