पाडव्याची वाटी

सत्यमनं दारासमोरच्या कडुलिंबाच्या बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे मारले, त्या रविवारी गोकुळरावांना पोराचं एवढं कौतुक वाटलं की गल्लीतल्या चार जणांना हाताला धरून त्यांनी ते दाखवलं. बत्तीस वर्षांचा घोडा, प्यायलेल्या पाण्याचा ग्लास उचलून ठेवत नाही, आणि सुटीच्या दिवशी सकाळी सहाला उठून झाड रंगवतो! आता तो रविवार त्यांना आठवायलाही नको वाटतो.

झाड त्यांच्या बायकोचं, भागूबाईंचं. पस्तीस वर्षांपूर्वी गोकुळराव वाळूजला कंपनीच्या टूलरूममध्ये लागले आणि बजाजनगरात घर घेतलं, तेव्हा गल्लीत नुसता मुरूम होता. भागूबाईंनी माहेरून डालड्याच्या डब्यात लिंबाचं रोप आणलं आणि धुण्याभांड्याच्या पाण्यावर ते वाढवलं. आता दुपारच्या शिफ्टची बस धरणारी माणसं त्याच्याखाली उभी राहतात. पाडव्याच्या सकाळी भागूबाई त्याचीच कोवळी पानं, गूळ आणि भिजवलेली डाळ वाटतात आणि घरोघर एकेक वाटी देऊन येतात. ती वाटी आल्याशिवाय गल्लीत कुणी पुरणाला हात लावत नाही.

सोलरशी गोकुळरावांचं वैर नव्हतं, हे आधी सांगायला हवं. गेल्या वर्षी सत्यमनं गच्चीवर सहा पॅनल बसवले तेव्हा पेढे त्यांनीच वाटले. दोन लाखांच्या आसपास खर्च आला, त्यातला बराचसा सबसिडीतून परत आला, आणि उन्हाळ्यात तीन हजारांवर जाणारं बिल दीडशेवर आलं. चांगलीच गोष्ट होती. आल्यागेल्याला मीटर दाखवायचा त्यांना नादच लागला होता. कोळसा जाळायचा नाही, धूर नाही, सूर्य काय कुणाच्या बापाचा नोकर नाही, असं ते पाहुण्यांना ऐकवायचे. सत्यमनं तर फाटकावर हिरवी पाटी लावली : हे घर सूर्यावर चालतं.

घोडं अडलं ते सावलीपाशी. दुपारी दोननंतर लिंबाची सावली दोन पॅनलवर यायची, आणि ते दोन झाकले की सगळ्या सहांचीच वीज कमी व्हायची. सत्यम कंपनीतून मोबाइलवर ते बघत बसायचा. घरी आला की जेवायच्या आधी आकडा सांगायचा, चौदा युनिटच्या जागी नऊ, जणू रोज कुणीतरी त्याच्या खिशात हात घालत होतं.

पॅनलचा लोखंडी स्टँड केला होता शेजारच्या रहीमभाईंनी. गोकुळरावांबरोबर वीस वर्षं एकाच खात्यात काढलेला माणूस, आता घरालगत पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचं दुकान चालवतो. त्यानं तोड सुचवली होती.

"स्टँड सहा फूट उंच करू. झाड बी राहील, बिजली बी. लोखंडाचे पैसे द्या, मजुरी नको मला."

सत्यमनं लोखंडाचा भाव विचारला आणि तोंड वाकडं केलं. झाड तोडायची परवानगी त्यानं मागून पाहिली, ती मिळाली नाही. भागूबाईंनी तर एका वाक्यात निकाल लावला, "माझ्या मढ्यावरनं जा आन् मंग तोड." त्यानंतर सत्यम गप्प झाला. पोरगं समजूतदार निघालं असं म्हातारा-म्हातारीला वाटलं. पुढं महिन्याभरानं त्यानं झाड रंगवलं.

फाल्गुनात लिंबाला पालवी फुटली, पण रस्त्याकडच्या फांद्यांना ती वेडीवाकडी आली. कोवळी पानं टोकाकडून पिवळी पडून चुरमडायला लागली. गोकुळराव रोज सकाळी मान वर करून उभे राहायचे. भागूबाई दोन बादल्या पाणी जास्त घालायला लागल्या. आणि गोकुळरावांच्या डोक्यात रहीमभाई शिरले. दिवाळीच्या वाऱ्यात एक फांदी पडून त्यांच्या शेडचा पत्रा फुटला होता, तेव्हा ते चार शब्द बोलले होते. एवढं पुरलं. भर गल्लीत गोकुळरावांनी त्यांना गाठलं.

"रहीम, काय ओतलंस माझ्या झाडाच्या बुडात? ॲसिड हाय ना तुझ्या दुकानात?"

रहीमभाईंनी हातातली वेल्डिंगची काच खाली ठेवली. "गोकुळभाऊ, रमजान चालूय. रोजा हाय मला. झूठ बोलणार नाय आन् भांडणार बी नाय." एवढं बोलून ते आत गेले. सत्यम तेव्हा फाटकातच उभा होता. त्यानं वडिलांना हाताला धरून घरात आणलं आणि म्हणाला, "जाऊ द्या बाबा, कशाला तोंडी लागता त्यांच्या."

हे वाक्य त्यानं कोणत्या तोंडानं म्हटलं असेल, याचा विचार गोकुळराव अजून करतात.

पाडवा उजाडला. दारात गुढी उभी राहिली. खालच्या फांद्यांची पानं अजून हिरवी होती, भागूबाईंनी तीच खुडली. सत्यमनं एकदा म्हणून पाहिलं, "आई, यंदा बाजारातून आणू की पानं, झाड आजारी दिसतंय." भागूबाई हसल्या. "घरचं सोडून इकतचा लिंब? येडा हायस का?" पाटा धुतला गेला, गूळ फुटला, वाट्या भरल्या. आठ घरांत भागूबाई स्वतः जाऊन आल्या. गोकुळराव नको म्हणत असताना रहीमभाईंच्या घरीही गेल्या, आणि त्यांच्या बायकोनं, जाहेदानं, दरवर्षीसारखी हसून वाटी घेतली. परत आल्यावर त्यांनी देवाला हात जोडले, मोठा घास तोंडात टाकला आणि चावत चावत म्हणाल्या, "औंदा लईच कडू लागायलाय."

सत्यम समोर खुर्चीत बसून बघत होता.

गोकुळराव आपली वाटी उचलणार, तेवढ्यात सहा वर्षांच्या नातीनं, संस्कृतीनं, नाक मुरडत चिमूटभर लिंब ओठांपाशी नेला. सत्यम खुर्चीतून असा उठला की खुर्ची मागं पडली. त्यानं पोरीच्या हातावर फटका मारला. लिंब फरशीवर सांडला. पोर भेदरून रडायला लागली, आणि हा बाप तिची बोटं स्वतःच्या शर्टाला पुसत होता, एकेक बोट, नखांच्या आतून.

सून प्रेरणा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. भागूबाईंचा चावणारा जबडा थांबला.

गोकुळराव उठले, वाटी खाली ठेवली आणि अनवाणीच झाडाकडं गेले. किल्लीच्या टोकानं त्यांनी गेरूचा पट्टा खरवडला. चार बोटं खरवडल्यावर काहीतरी टणक लागलं. झाडाच्या सालीचा रंग दिलेलं एम-सील, गळकी भोकं बुजवायची लुगदी. ते उपटून निघालं तसा आतून ओला, उग्र वास आला. मग दुसरं, मग तिसरं. बुंध्याच्या सगळीकडून, तिरकी, खाली उतरत गेलेली भोकं. टूलरूममध्ये तीस वर्षं घालवलेल्या माणसाला मोजपट्टी लागत नाही. बारा एमएमचं ड्रिल. घरात बारा एमएमचं ड्रिल एकच होतं, गोकुळरावांच्या स्वतःच्या पेटीत, निवृत्तीच्या दिवशी दोस्तांनी भेट दिलेलं.

त्यांना किळस आली. झाड मरणार याचं दुःख नंतर झालं असेल, आधी आली ती किळस. दाराशी कुत्रं मरून पडावं आणि त्याच्यावर आपण अत्तर शिंपडावं, तसा तो गेरू त्यांना दिसला. वर फाटकावर हिरवी पाटी ऊन खात होती.

आत आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "काय भरलंस?"

"तणनाशक." सत्यम जमिनीकडं बघत होता.

भागूबाईंनी तोंडातलं पदरात थुंकलं. मग त्यांनी पोराकडं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "मी चावायले तव्हा बघत व्हतास ना रं तू?"

प्रेरणानं सासूला मोरीवर नेऊन चुळा भरायला लावल्या, ओकारी झाली, आणि रिक्षा बोलावून दोघी चौकातल्या दवाखान्यात गेल्या. तणनाशकाची रिकामी बाटली गच्चीच्या जिन्याखाली सापडली, ती प्रेरणानं डॉक्टरला दाखवायला पिशवीत घेतली. जाताना तिनं संस्कृतीला कडेवर घेतलं. नवऱ्यापाशी ठेवलं नाही.

गोकुळराव घरोघर निघाले. सणाच्या दिवशी लोकांच्या दारात उभं राहून, दिलेला प्रसाद परत मागायचा. आणि नुसतं मागून भागत नव्हतं, कारणही सांगावं लागत होतं. प्रत्येक दारात ते एकच वाक्य म्हणाले, "खाल्लं असंल तर दवाखान्यात चला, माझ्या पोरानं झाडाला औषध घातलंय." दोन घरांत खाऊन झालं होतं. कडुबा म्हणून एक साठीचा माणूस, कंपनीत पहारेकरी, तो पोटावर हात ठेवून ओट्यावर बसला आणि म्हणाला, "भागूवहिनीच्या हातचं म्हनून दोनदा मागून खाल्लं मी." त्याला आणि दुसऱ्या घरातल्या दोघांना दवाखान्यात पाठवून गोकुळराव पुढच्या दाराकडं वळले. रहीमभाईंचं दार त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

जाहेदानं कपाटातून झाकलेली वाटी आणून दिली. रोजा सोडताना खायची म्हणून ठेवली होती. रहीमभाई आतून आले, सगळं ऐकलं, आणि शेडच्या नव्या पत्र्याकडं पाहिलं.

"माफ कर म्हणायला मला तोंड नाय," गोकुळराव म्हणाले.

"रोज्यानं वाचवलं, भाऊ," रहीमभाई म्हणाले. "नाय तर तुमच्या घरचं. मी बघून थोडीच खाल्लं असतं?"

गोकुळरावांना वाटलं, यापेक्षा त्यानं कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

दवाखान्यातून प्रेरणाचा फोन आला. कुणाला तसा धोका वाटत नाही, पण दिवसभर सगळ्यांना तिथंच थांबवलंय. गोकुळरावांनी परत आणलेल्या वाट्या ओट्यावर मांडल्या आणि तिथंच बसले. दोनच्या सुमाराला शिफ्टची माणसं लिंबाखाली जमली. सावली विरळ झाली होती, ऊन जागोजागी खाली उतरत होतं, तरी सवयीनं ती तिथंच उभी राहिली. सत्यम बाहेर येऊन बापापासून चार हात लांब थांबला.

"बाबा, मी काय कुणाला मारायला निघालो नव्हतो. औषध एवढं पानात उतरत नसतं. मी वाचलं होतं नेटवर. आणि झाडं तर लोक तोडतातच. आपण वीज तयार करायलो, कोळसा वाचवायलो, ते कुणी बघत नाय."

"पानात उतरत नाय?"

"नाय. जवळपास काहीच नाय."

"मंग पोरीच्या हातातलं का हिसकावलंस?"

सत्यमच्या खिशात मोबाइल वाजला. त्यानं तो काढला नाही.

गोकुळरावांनी जाहेदाकडून आणलेल्या वाटीवरचं झाकण काढलं आणि वाटी त्याच्यापुढं धरली. गूळ सुटून लिंब ओलसर झाला होता. "आईला चाललं, कडुबाला चाललं, रहीमला चालणार व्हतं. घे. पाडवा हाय. खा."

शिफ्टची बस आली, माणसं चढली, बस गेली. गोकुळरावांनी वाटी धरलेला हात खाली घेतला नाही. सत्यमनं वाटीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.